ब्रॉडबँडची तार आणि आमची गल्ली

गेल्या महिन्यात फायबरची तार ओढणारी दोन पोरे आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. परभणीच्या जुन्या बाजारातील मुख्य रस्त्यावर त्यांची तार खांबाखांबाने आलेली आहे आणि तेथील दुकानदारांना जोडण्याही मिळाल्या आहेत. आत गल्लीत यायला मात्र ती तयार नव्हती. त्यांचे म्हणणे सरळ होते. आत एकोणीस घरे आहेत, त्यांपैकी निदान दहा घरे जोडणी घेणार असतील तर तार आत आणू, एका-दोघांसाठी परवडत नाही. व्यापाऱ्याला हे बोलणे समजायला वेळ लागत नाही. एका साडीसाठी आपणही सुरतेला माणूस पाठवीत नाही.

संध्याकाळी मगरिबनंतर गल्लीतील पाच-सहा मंडळी आमच्या दुकानी आली. आम्हाला वाटले, दहा नावे जमवायला आली असतील. पण प्रत्येकाचे म्हणणे वेगळेच. "सेठ, तुमची ओळख आहे. आधी तुमच्या घरी तार येऊ द्या, नीट चालते का पाहू, मग आमचे बघू." एकाने तर बाजूला घेऊन हळूच सांगितले की, त्या पोरांना काही चहापाणी द्यायचे असेल तर आम्ही अर्धे देऊ, पण तार आमच्या दोन घरांपुरतीच घ्या.

"ओळख" हा शब्द ऐकला आणि आम्हाला सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. त्या मंडळींना ती आम्ही त्याच वेळी सांगितली. आज या पानावर लिहीत आहोत, कारण आमच्यासारखे कारोबारी जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड सगळीकडे आहेत आणि सगळीकडे गल्लीच्या तोंडाशी हीच बोलणी चालू असणार.

टेलिफोनच्या तारेशी आमच्या घराण्याचा संबंध जुना. अब्बांच्या काळी सुरतेच्या किंवा मुंबईच्या अडत्याशी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल लावायचा. साधा कॉल, अर्जंट कॉल आणि फारच घाई असेल तर लाइटनिंग कॉल, ज्याचे दर ऐकूनच माणूस घाई विसरत असे. सकाळी नोंदवलेला कॉल दुपारी लागे, आणि लागला तरी "हॅलो, हॅलो" करण्यातच तीन मिनिटे संपत. पुढे एसटीडीचे पिवळे बोर्ड आले, आणि दरखास्त देऊन काही वर्षे वाट पाहिल्यावर १९९४ साली आमच्या घरी फोन आला. त्या दिवशी अम्मींनी मोहल्ल्यात शिरखुर्मा वाटला होता. ईद नसताना.

त्या फोनबरोबर आणखी एक वस्तू आमच्या घराला मिळाली. गल्लीतील सगळ्यांच्या तारा जेथून फुटतात ती दहा जोड्यांची लोखंडी पेटी. ती कुणाच्या तरी भिंतीवर ठोकायची होती. कुणी म्हणे आमच्या भिंतीला नवा गिलावा केला आहे, कुणी म्हणे वीज पडेल. अब्बा म्हणाले, आमच्या भिंतीवर लावा. तेव्हापासून दुरुस्तीला येणारा लाइनमन आमच्या दारात सायकल लावी, आमच्याकडे पाणी पिई, आमच्याकडे चहा घेई. आमचा फोन बंद पडला असे फारसे कधी झाले नाही. त्याचे कारण आम्ही त्या काळी आमचे नशीब समजत होतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडचे धोरण जाहीर केले. सेकंदाला २५६ किलोबिट एवढी गती जी जोडणी देईल तिला ब्रॉडबँड म्हणावे, अशी तेव्हाची व्याख्या. पुढे २०१३ मध्ये ती ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. आमच्या तारेने यांतली पहिली व्याख्याही कित्येक महिने पाहिली नाही, ही गोष्ट वेगळी.

आम्ही दरखास्त दिली ती २००८ च्या उन्हाळ्यात. तोपर्यंत स्टेशन रोडच्या एका सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसून आमचे काम चालत असे. काम म्हणजे काय? पूर्वी सुरतेहून नमुन्यांची बुके पार्सलने येत, ती पाहून आपण माल सांगत असू. त्या सुमारास ड्रेस मटेरियलचे नमुने ई-मेलवर येऊ लागले. ज्याने सकाळी फोटो पाहिला त्याने दुपारी माल उचलला, ज्याने दोन दिवसांनी पाहिला त्याच्या वाट्याला उरलेले रंग. मोंढ्यात कापसाचे पैसे येऊ लागले की शेतकरी कुटुंबे लग्नाचा बस्ता बांधायला निघतात, त्याच्या आधी रमजान, त्याच्यानंतर फेब्रुवारीतला उर्स. आमच्या धंद्याची सारी कमाई या चार-सहा महिन्यांची. त्यात रंग चुकला की वर्षभर ठाण कपाटात. कॅफेत बसून दुसऱ्यांच्या पोरांच्या खांद्यावरून नमुने पाहण्यापेक्षा घरी जोडणी घ्यावी, मुलांच्या अभ्यासालाही होईल, असा विचार केला. अर्ज इंग्रजीत होता. आम्ही उर्दू शाळेत शिकलेलो. धाकट्या मुलाने तो भरला आणि आम्ही उर्दूत सही केली. टेबलावरच्या साहेबांनी सही उलटसुलट करून पाहिली आणि शिक्का मारला.

मॉडेम आले. जोडले. त्यावर चार दिवे असतात. तीन लागले, चौथा लागेना. लागला तर टिकेना. दहा मिनिटे चालू, अर्धा तास बंद. घरात फोनची घंटी वाजली की दिवा गेला. पाऊस आला की दिवा गेला. दुपारी ऊन तापले आणि का कोण जाणे, दिवा गेला.

कार्यालयात गेलो तर मॉडेमवाले म्हणत, मॉडेम चांगले आहे, लाइन खराब आहे, लाइनवाल्यांना भेटा. लाइनवाले फोन लावून पाहत, आवाज येतो आहे ना, मग लाइन चांगली आहे, मॉडेमवाल्यांना भेटा. या दोन टेबलांमध्ये आम्ही किती चकरा मारल्या याचा हिशेब ठेवला नाही. ठेवायला हवा होता, ते पुढे सांगतो. कोणाचे नाव घेण्यात अर्थ नाही. त्या टेबलांवरची माणसे बदलली, कार्यालयाचा रंगही बदलला.

शेवटी नात्यातल्या एका इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या भाच्याने आम्हाला प्रकरण समजावून सांगितले. ते येथे थोडे सविस्तर देतो, कारण आजही आपल्या जिल्ह्यात अनेक घरे तांब्याच्या तारेवर आहेत आणि उगीच एकमेकांशी भांडत आहेत.

टेलिफोनची तार म्हणजे एकमेकींना पिळ दिलेल्या तांब्याच्या दोन बारीक तारांची जोडी. माणसाचा आवाज या जोडीवरून सेकंदाला सुमारे ४ हजार कंपनांच्या आत जातो. ब्रॉडबँडची माहितीही त्याच जोडीवरून जाते, पण फार वरच्या पट्टीत, साधारण २५ हजारांपासून ११ लाख कंपनांपर्यंत. म्हणूनच एकाच तारेवर बोलणे आणि इंटरनेट दोन्ही चालते. मध्ये एक छोटी डबी लावतात, फिल्टर म्हणतात तिला, ती या दोहोंना वेगळे करते. ती डबी नसेल किंवा बिघडली असेल तर घंटी वाजताच दिवा जातो. आमच्या घरी हेच होते. मॉडेमला डबी होती, पण १९९४ नंतर आम्ही भावाच्या माळ्यावर एक जादा फोन नेला होता, गिलाव्यातून तार घालून, कुणाला न विचारता. त्या फोनला डबी नव्हती. म्हणजे अर्धा दोष आमच्याच भिंतीत होता आणि आम्ही महिनाभर कार्यालयाला बोल लावीत होतो.

दुसरी गोष्ट अंतराची. वरच्या पट्टीची कंपने तांब्यात लवकर विरतात. एक्स्चेंजपासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर जी गती मिळते, ती पाच किलोमीटरवर पावभरही राहत नाही. आणि हे अंतर रस्त्याने मोजायचे नसते, तारेने मोजायचे असते. तार कोणत्या खांबावरून कुठे वळसा घालून आली, हे आपल्याला दिसत नाही.

तिसरी गोष्ट सांध्यांची, आणि ती आपल्या परभणीची खास. आपली जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगून येते. जमिनीखालची केबल या माती बरोबर दरवर्षी ओढली जाते आणि सैल सोडली जाते. सांधे तुटतात, त्यात पाणी शिरते, तांब्याला गंज धरतो. गंजलेल्या सांध्यातून आवाज खरखरत का होईना, पलीकडे जातो. लाइनवाले त्यालाच "लाइन चालू" म्हणतात. वरच्या पट्टीची कंपने मात्र तेथेच अडकतात. म्हणजे दोन्ही टेबलांवरची माणसे आपापल्या परीने खरे बोलत होती. ज्या मातीवर आमचा धंदा उभा आहे त्याच मातीने आमची तार खाल्ली, असे भाचा म्हणाला. त्याला हसू आले, आम्हाला आले नाही, कारण रमजान सुरू व्हायला आठच दिवस राहिले होते.

त्या रमजानात काय झाले ते थोडक्यात. सप्टेंबर २००८, पाऊस चालू, दिवा बंद. सुरतेहून एका व्यापाऱ्याने नव्या कामाच्या ड्रेसचे फोटो पाठवले. आम्ही ते कॅफेत तिसऱ्या दिवशी पाहिले. तोवर माल नांदेडच्या दोन दुकानांनी उचलला होता. आमच्या गिऱ्हाइकांनी तेच ड्रेस नांदेडहून आणले आणि ईदच्या दिवशी आमच्याच दारावरून घालून गेल्या. घरच्या मंडळींनी आम्हाला ते बोट दाखवून सांगितले.

शेवटच्या अशऱ्यात लाइनमन आला. जुना ओळखीचा माणूस. आम्ही त्याला बसवले, आपली अडचण सांगितली आणि उठताना एक शर्ट-पँटचे कापड त्याच्या हाती दिले. ईदी म्हणून दिले असे आम्ही मनाला सांगितले. तो हसला, म्हणाला, "सेठ, फिकर मत करो." भिंतीवरची पेटी उघडली, दहा मिनिटे काही खटपट केली आणि गेला. चौथा दिवा लागला. तो दीड वर्ष विझला नाही. पावसात नाही, उन्हात नाही. आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो की, काम करून घ्यायची पद्धत असते.

आमच्यापासून चौथ्या घरात एक शिलाईकाम करणाऱ्या आपा राहत. पतीच्या इंतकालानंतर त्यांनी मशीनवर दोन मुले वाढवली. बुरखे, ब्लाउज, लहान मुलांचे कपडे. कपड्याचे काम आमच्याकडून जात असे, म्हणजे गिऱ्हाईक आमचे आणि शिलाई त्यांची, असा वर्षानुवर्षांचा व्यवहार. त्यांच्या घरी फोन होता. त्याचा नंबर त्यांच्या दारावरच्या पाटीवर रंगवलेला होता आणि आसपासच्या खेड्यांतील बायकांच्या वह्यांत लिहिलेला होता. थोरला मुलगा सौदीत होता, तो जुम्याला त्याच नंबरवर फोन करी. २००८ च्या ईदपासून त्यांचा फोन बंद पडला. मोबाइल तेव्हा घरोघर आले होते, त्यांनीही घेतला, पण गावोगाव गेलेला नंबर परत गोळा करता येत नाही. शिलाई कमी झाली. त्यांनी तीन-चार वेळा तक्रार केली, दर वेळी "केबल फॉल्ट" असे उत्तर मिळाले, आणि २००९ मध्ये त्यांनी कंटाळून फोन परत केला. आम्हाला हे माहीत होते. आम्ही हळहळ व्यक्त केली होती. त्यांना सांगितलेही होते की, आमच्याकडून येऊन बोलत जा, आमची लाइन चांगली चालते.

२०१० च्या उन्हाळ्यात जुन्या लाइनमनची बदली झाली आणि एक नवा, तरुण माणूस पेटी तपासायला आला. त्याच्या हातात जोड्यांची यादी होती. यादी आणि पेटी त्याने दोनदा ताडून पाहिली. मग आम्हाला म्हणाला, "ये जोडी आपके घर की नहीं है, चौथे घर की है. आपकी ये पडी है, जंग लगी हुई."

दहा जोड्यांच्या त्या पेटीत त्या वर्षी चांगल्या जोड्या पाचच उरल्या होत्या आणि फोन होते सात. नवी जोडी लाइनमन कुठून आणणार? त्याने एकीची काढून दुसऱ्याला दिली. ज्याच्या भिंतीवर पेटी, ज्याच्या घरचा चहा, ज्याचे कापड, त्याला चांगली दिली. आम्ही त्याच्याकडे आपांची जोडी मागितली नव्हती हे खरे. पण कोणाची घेतलीस, असेही विचारले नव्हते. व्यापारात आम्ही एवढे भोळे नसतो. बाजारभावाच्या निम्म्या दरात कोणी ठाण आणून दिले तर आपण आधी विचारतो, कोठून आणलेस? तारेच्या बाबतीत आम्ही विचारले नाही.

त्या रात्री आम्ही आपांच्या घरी गेलो आणि सांगितले. काय सांगावे हे जाताना चार वेळा मनात मांडले होते, तेथे गेल्यावर ते सगळे विस्कटले. हुकूक-उल-इबादचा मामला, ज्याचा हक गेला त्यानेच माफ करायचा असतो, एवढे आम्हालाही ठाऊक आहे. आम्ही म्हटले, दीड वर्षाचे जे नुकसान झाले असेल ते सांगा, भरून देतो. त्या बराच वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "भाईजान, नुकसानीचा हिशेब मला येत नाही. फोन परत केला त्याचे डिपॉझिट अजून मिळालेले नाही. तेवढे आणून देता येईल का पाहा."

ते डिपॉझिट आणायला आम्हाला चौदा महिने लागले. पावती, ओळखपत्र, बँकेचा धनादेश पाहिजे म्हणून खाते, खात्यातील नाव आणि फोनवरील नाव यांत एका अक्षराचा फरक म्हणून शपथपत्र. या वेळी ओळखीचा उपयोग करायचा नाही असे ठरवले होते. प्रत्येक फेरीला तारीख लिहिली, प्रत्येक अर्जाची पोच घेतली. तेव्हा कळले की, ज्याच्याकडे भिंत नाही, चहा नाही, कापड नाही, त्याला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना काय होते. अर्धी मजुरी बुडवून त्या आपा पूर्वी याच चकरा एकट्या मारत होत्या.

आता कोणी म्हणेल, शेठजी, जमाना बदलला. सप्टेंबर २०१६ मध्ये स्वस्त मोबाइल डेटा आला, तारेची गरजच काय? आमचा अनुभव ऐका. जुन्या परभणीतील घरे दगडमातीची, हात-दीड हात जाडीच्या भिंतींची. आतल्या खोलीत मोबाइलची एक रेघ लागते. संध्याकाळी सारे शहर एकाच टॉवरवर बसते तेव्हा तीही जाते. पैसे घेण्याचा क्यूआर कोड कसाबसा चालतो, पण पन्नास ड्रेसचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवायचे म्हटले की चाक फिरत राहते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. विक्रीचे विवरण महिन्याच्या ११ तारखेला, कराचे २० तारखेला. १९ तारखेच्या रात्री आमच्या मुनीमजींना गच्चीवर, मोबाइल वर धरून उभे राहिलेले आम्ही पाहिले आहे. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये दंड, आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे आपले विवरण अडले की आपल्याकडून घेणाऱ्या व्यापाऱ्याची वजावट अडते. तो पुढच्या वेळी दुसरीकडून घेतो. ५० हजारांवरचा माल हलवायचा तर ई-वे बिल हवे. ते निघेपर्यंत टेम्पो दारात उभा. मार्च २०२० नंतरचे दिवस तर सगळ्यांनी भोगले. एका घरात तीन मुले, एक फोन आणि तीन वर्ग. आमच्या गल्लीतील दोन मुलींची दहावी त्या एका रेघेवर झाली.

तांब्याची तार सांभाळणारी माणसेही आता राहिली नाहीत. ३१ जानेवारी २०२० रोजी देशातील दोन सरकारी टेलिफोन कंपन्यांतील ९२ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी घरी गेले. कोणती केबल कोणत्या नालीखालून जाते हे ज्यांना पाठ होते, अशी किती माणसे त्यांत असतील! रस्ता खोदला, केबल तुटली, तर ती जोडायला येणारा नवा माणूस आधी केबल शोधतो. ब्रिटनसारखा देशही जुनी टेलिफोन व्यवस्था जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायला निघाला आहे. तेव्हा गंजलेल्या तांब्याला धरून बसण्यात अर्थ नाही, फायबर घ्यावे हेच बरे. फायबर काचेचे. त्याला गंज चढत नाही, पाणी लागत नाही, आणि गल्लीच्या अंतराने त्याची गती घटत नाही. उंदीर कुरतडतो तेवढे सांभाळावे लागते.

पण ते येणार कसे? सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये देशातील अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, पुढे तिला भारतनेट नाव मिळाले. ती खेड्यांसाठी, आणि तीही पंचायतीच्या दारापर्यंत. शहराच्या मुख्य रस्त्यांवर खासगी कंपन्या स्वतःहून येतात. मध्ये राहतात जुन्या शहरांचे मोहल्ले, जेथे गल्ली अरुंद, खांब नाही, घरे एकमेकांना चिकटलेली आणि प्रत्येक भिंतीचा मालक वेगळा.

कायदा आपल्या बाजूने आहे का, असे एका तरुण वकिलाला आम्ही विचारले. त्याने सांगितले की, १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन यांच्या खटल्यात, इंटरनेटच्या माध्यमातून व्यापार-व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला घटनेच्या कलम १९ चे संरक्षण आहे असे म्हटले. ऐकून छाती फुगली. पण तो पुढे म्हणाला की, हा निकाल काश्मिरात इंटरनेट बंद केल्याबद्दलचा होता. सरकारने असलेले कारणाशिवाय तोडू नये एवढे त्यातून निघते, तुमच्या गल्लीत तार आणून द्या असे निघत नाही. ब्रिटनमध्ये मार्च २०२० पासून नागरिकाला किमान १० मेगाबिटची जोडणी मागण्याचा हक्क कायद्याने मिळाला आहे, काही खर्चाच्या मर्यादेत. आपल्याकडे तसे नाही. आपल्या हाती आहे ते एवढेच की, जोडणी बिघडली तर तक्रारीचा क्रमांक घ्यावा, दुरुस्ती तीन दिवसांपलीकडे गेली तर नियामक प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे भाड्यात सूट मागावी. ती कोणी मागत नाही. आम्हीही त्या दोन टेबलांमध्ये फिरताना कधी मागितली नाही, कारण चकरांच्या तारखाच लिहिलेल्या नव्हत्या.

म्हणून आमचे मत असे की, गल्लीने दरखास्त गल्ली म्हणून द्यावी. एक कागद, दहा-बारा सह्या, वर तारीख, खाली पोच. चहापाण्याचा एक रुपया कोणी देऊ नये. पहिल्याने दिला की दुसऱ्याला द्यावा लागतो, आणि चौथ्याच्या घरची तार जाते. दुसरे म्हणजे पेटी. फायबरचीही पेटी असते, तिच्यातून घरोघर तार फुटते. ती पोरे आमचीच भिंत मागत होती, जुने खिळे आहेत म्हणून. आम्ही नकार दिला. गल्लीच्या वळणावर विजेचा खांब आहे, रीतसर परवानगी घेऊन त्याच्यावर लावा, नाही तर उर्दू शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर लावा, मुख्याध्यापकांशी आम्ही बोललो आहोत. कोणाच्या घरावर नको. आमचे शेजारी यावर नाराज आहेत, ते म्हणतात तुमच्या भिंतीवर असती तर तुम्ही लक्ष ठेवले असते. आम्ही किती आणि कसे लक्ष ठेवतो ते त्यांना आता माहीत आहे, तरी म्हणतात.

भाड्याचा प्रश्न आहे. महिन्याला चार-पाचशे रुपये हे रोजंदारीच्या घराला थोडे नाहीत. दोन-दोन घरांनी मिळून एक जोडणी घ्यायची बोलणी चालू आहेत. कंपनीच्या अटींत ते बसते का हे लेखी विचारले आहे, उत्तर यायचे आहे.

आपा आता थकल्या आहेत, मशीनवर त्यांची नात बसते. ती व्हॉट्सॲपवर बुरख्यांचे नमुने टाकते आणि तिला हैदराबादेहून काम येते, आमच्या दुकानाच्या मध्यस्थीशिवाय. कागदावर पहिली सही तिची आहे. गुरुवारी रात्रीपर्यंत सात सह्या झाल्या होत्या, आमची सातवी. तीन कमी आहेत. कागद आमच्या गल्ल्यावर ठेवला आहे. मागच्या गल्लीतील ज्यांना यायचे असेल त्यांनीही यावे, सोबत आधारची झेरॉक्स आणावी. पोरे येत्या सोमवारी पुन्हा येणार आहेत.